बोलावणं येईपर्यंत पोत्यात

मी सोमनाथच्या डाव्या पायाचा बूट बोलतोय. उजवा शेजारीच आहे, पण तो भोळा आहे, त्याचं फारसं ऐकू नका. कवायतीत पहिलं पाऊल डावं पडतं, म्हणजे खड्डा असला तर आधी मला लागतो. त्यामुळे संशय माझ्या कातड्यातच मुरलाय.

आम्ही हजारो जोड एकाच साच्यातून निघालो. बरेचसे कायमच्या फौजेकडे गेले, मी प्रादेशिक सेनेत आलो. म्हणजे काय, तर बोलावणं आलं की सोमनाथ जवान, आणि ते संपलं की सातपूरच्या एका शेडमध्ये लेथ चालवणारा कामगार. माझंही तसंच. काम असलं की पायात, नसलं की पलंगाखाली पोत्यात.

पहिल्यांदा बर्फात गेलो तेव्हा पहाऱ्यावर सोमनाथच्या जोडीला सनी होता. हा ओझरचा पोरगा कायम फौजेतला. थंडी दोघांना सारखीच होती. खोटं कशाला बोलू, तिथे असेपर्यंत पगारही सारखाच होता. फरक कळला तो परतताना. सनी सुट्टीवर घरी गेला तरी त्याचा पगार चालू. सोमनाथला घरी पाठवलं, त्या दिवसापासून त्याचा बंद. पेन्शनसाठी सनीची वर्षं सलग धरतात, सोमनाथचे बोलावलेले दिवस तेवढे धरतात. कुठेतरी पाणी मुरतंय, असं मी तेव्हाच उजव्याला म्हटलं होतं.

यंदा बोलावण्याचं पत्र आलं तेव्हा सोमनाथ पहिल्या पाळीला गेला होता. त्याची बायको मनीषा, हरसूलकडची. तिने पत्र घेतलं, दोनदा वाचलं, दार लोटलं आणि थेट माझं पोतं ओढलं. कागदाची घडी तिने माझ्या पार चवड्यात कोंबली. बोलावणं आल्याशिवाय नवरा पोतं उघडत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मला घाम फुटायचा बाकी राहिला. हजर व्हायची तारीख चुकली तर फौज त्याला फरार समजेल! ही बाई नवऱ्याला गोत्यात आणणार. मला तर तिच्या माहेरच्यांचाही संशय आला.

चौथ्या दिवशी सनीचा फोन आला. "सोमनाथदादा, तुमच्या पलटणीला बोलावलंय ना? बूट काढले का नाय अजून?"

सोमनाथने पोतं उपसलं, माझ्यात पाय घातला आणि आत कागद चुरचुरला.

"मनीषा, हे कोणी ठेवलं?"

"मीच," ती म्हणाली. "मागच्या टायमाला आठ महिने गेलात. आलात तर मशीनवर दुसराच उभा. पाच महिने घरी बसून काढले. त्या सनीच्या बायकोला हाय का असा घोर?"

"देशाचं काम हाय, मनीषा."

"हाय ना. मग तुम्हाला अर्धाच जवान का धरत्यात? गोळी काय अर्धी लागती का?"

सोमनाथने घडी उलगडून हजर व्हायची तारीख बघितली. तिच्याबद्दल काय काय मनात आणलं होतं मी! मला स्वतःची लाज वाटली.

पायात रुळावेत म्हणून दुसऱ्या दिवशी तो आम्हाला घालूनच शेडच्या मालकाकडे, शेठकडे गेला. शेठने चहा मागवला, खांद्यावर हात ठेवला. "अरे, देशसेवेला मी नाही म्हणेन का? निर्धास्त जा. मशीन तुझंच आहे."

"शेठ, तेवढं लिहून द्या."

"आपल्यात कागद कशाला रे?"

उजव्याला शेठ फार आवडला. मी मात्र टेबलाखालून शेठचे चकचकीत बूट बघत होतो. बोलणं सोमनाथशी चाललं होतं आणि ते बूट केव्हाच दाराकडे वळले होते. केसाने गळा कापणारी माणसं अशीच मऊ बोलतात.

निघायच्या दिवशी मनीषाने स्वतः आम्हाला पॉलिश केलं. "जा," म्हणाली, "पर जपून राहा."

आता आम्ही डोंगरावरच्या चौकीत आहोत. योगायोगाने सनीही इथेच आहे. परवा शेडमधल्या अमोलने सोमनाथच्या फोनवर एक फोटो पाठवला. सोमनाथच्या लेथवर नवा माणूस उभा होता. या वेळी माझा संशय खरा ठरला, पण मला जरासुद्धा आनंद झाला नाही.

"दादा, घरी सांगितलं का?" सनीने विचारलं.

"नाय. सांगून तिला तिथं झोप लागल का?"

एवढं बोलून त्याने फोन खिशात टाकला, माझी नाडी आवळली आणि वेळेवर पहाऱ्याला उभा राहिला.

तुम्ही कधी परेड बघायला गेलात तर माझं एक काम करा. रांगेतल्या पावलांकडे नीट बघा आणि त्यात कायमचा कोण, बोलावलेला कोण, ते ओळखून दाखवा. नाही ना येत ओळखता? मग सोमनाथ घरी परतला की ते बरोब्बर कसं ओळखता, तेवढं मला सांगा.