सवाष्णीचा पाट

अपर्णाला कुणी विचारलं असतं, की बाई, तुला दुखतंय काय, तर ती म्हणाली असती, पित्त. पित्त कसलं! मोठी जाऊ यशश्री दुखत होती तिला.

यशश्री इंदरगंजच्या त्या कृपामंडळात जायला लागली आणि तिचं नशीबच फळफळलं. नवऱ्याला बढती, मुलाला परदेशात नोकरी, मुरार भागात नवा फ्लॅट. आणि अपर्णा? दौलतगंजच्या दोन खोल्यांत लेक गरिमाला वाढवत, नवऱ्याचं 'छोड ना यार, उनका नसीब है' ऐकत बसलेली. जळून खाक व्हायला आणखी काय लागतं हो?

मंडळाची एक रीत होती. दर आश्विनात एका सवाष्णीला देवी म्हणून जेवू घालायचं. तिला पाटावर बसवून साऱ्याजणी तिच्या पाया पडायच्या. गेल्या वर्षी विजयाबाई बसल्या आणि महिन्याभरात गेल्या. त्यांच्या आधीची शिखा, चांगली तरणीताठी, तीही तशीच गेली. लोक हळहळले, मग म्हणाले, भरल्या कपाळानं गेली, सोनं झालं! हिरवी साडी, भरलेली ओटी, मागे ही गर्दी. खरं सांगायचं तर विजयाबाईंची ती अंत्ययात्रा बघूनही अपर्णाच्या पोटात दुखलंच होतं.

यंदा सवाष्ण आणायची पाळी यशश्रीची. सवाष्ण जिची पाळी तिच्या घरचीच लागते, हे अपर्णाला ठाऊक होतं. तिनं आमंत्रणाची वाट पाहिली आणि शेवटी लाज सोडून स्वतःच फोन केला.

"वहिनी, यंदा कोण बसणार?"

"तुला काय करायचंय?" यशश्री एकदम तुटक बोलली. "शुक्रवारी घरातून हलू नकोस. ऐक माझं."

झालं! आगीत तेल पडलं. शुक्रवारी दुपारी अपर्णा ठेवणीतली चंदेरी नेसून थेट मंडळाच्या हॉलमध्ये हजर झाली. भिंतीकडेनं बायका बसलेल्या. मध्ये रांगोळी, पाट आणि एकच पान वाढलेलं. पाटाशी यशश्री उभी होती, हिरवा शालू नेसून, नटून.

म्हणजे बाईसाहेब स्वतःच बसणार होत्या! पाळीही हिची आणि मानही हिचाच. अपर्णा तरातरा गेली आणि पाटावर बसली.

यशश्रीचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं अपर्णाचं मनगट धरलं. "ऊठ! अगं, विजयाबाई याच पाटावरून गेल्या. शिखाही. मी तुझं नाव दिलं नाही, म्हणून मला बसावं लागतंय. तुझी गरिमा लहान आहे गं, ऊठ!"

दाराला कडी लागली. मंडळाच्या शालिनीताई अपर्णाकडे बघून गोड हसल्या. "कुणी ओढून आणलेली नाही. आपल्या पायानं आली. अशीच लागते."

गरिमा आता शाळेतून येईल, घराला कुलूप बघेल, हे अपर्णाला लख्ख दिसलं. उठावं म्हणून तिनं जमिनीला हात टेकला.

तेवढ्यात यशश्रीनं शालिनीताईंचे पाय धरले. "ताई, तिला जाऊ द्या. पाट माझा आहे. मला बसू द्या."

सगळ्या बायका यशश्रीकडे बघायला लागल्या. एकीनं तर डोळ्यांना पदर लावला.

मेली! आतासुद्धा कौतुक हिचंच!

अपर्णानं हात उचलला, पुरणपोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि यशश्रीच्या डोळ्यांत बघत तोंडात घातला.