चौथा बोल्ट

साहेबांनी चौथा बोल्ट आवळला आणि शाफ्ट पुन्हा अडकला.

तीन दिवसांत हे अकराव्यांदा होत होतं. कारखान्यातून निवृत्त होऊन वर्ष झालं तरी गल्ली त्यांना साहेबच म्हणे, आणि त्यांचीही हरकत नव्हती. विरंगुळा म्हणून लाकूड कातायचं एक छोटं यंत्र गॅरेजमध्ये आकार घेत होतं. म्हणजे घेत नव्हतं. लोखंडी पाटावर चार बोल्टांनी बसवलेले दोन ठोकळे, प्रत्येकात एकेक पितळी नळी, म्हणजे बुश, आणि दोन्ही बुशांतून आरपार जाणारा शाफ्ट. एकेका बुशात तो भोवऱ्यासारखा फिरे. दोन्हींत मिळून फिरायला मात्र राजी नव्हता. ड्रॉइंग बिनचूक होतं. ते साहेबांनीच काढलं होतं.

"मी मिस्त्रींना बोलावलंय," दारातून बायको म्हणाली. "मागच्या गल्लीत राहतात. तुमच्याच कारखान्यात होते म्हणे."

"कोणाला विचारून?"

"शाफ्टला."

मिस्त्री आले. साहेबांनी त्यांना ओळखलं आणि हातातल्या पान्याकडे पाहत राहिले. एकोणीस वर्षांपूर्वी ते या माणसाला अरे-तुरे करायचे. आता 'ये' म्हणावं की 'या', याचा निर्णय होईपर्यंत मिस्त्री आत येऊन पाटाशी वाकलेही होते.

"तीन दिवस झाले," बायको म्हणाली. "शाफ्ट जागचा हलत नाही आणि हेही." आणि ती स्वयंपाकघरात गेली.

मिस्त्रींनी चारही बोल्ट ढिले केले. शाफ्ट दोन्ही बुशांतून घातला, तेलाचे दोन थेंब सोडले, आणि एका हाताने शाफ्ट फिरवत दुसऱ्या हाताने बोल्ट आवळू लागले. थोडा हा, थोडा समोरचा. कुठे अडलं की ठोकळ्यावर लाकडी हातोड्याची एक हलकी टकटक. तीन बोल्ट घट्ट झाले. चौथा त्यांनी नुसता बोटांनी फिरवून सोडून दिला. शाफ्ट आवाज न करता फिरत होता.

साहेबांचे कान तापले.

हाच तो बोल्ट. म्हणजे हा नव्हे, याचा थोरला भाऊ. कारखान्यात फेरी मारताना साहेबांना तो ढिला सापडला होता, आणि मिस्त्री डबा खायला गेलेले. 'काम अपूर्ण सोडून जेवायला गेला.' मेमोतलं हे वाक्य साहेबांनी स्वतः सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. "साहेब, शाफ्टला अजून जागा सापडायचीय," मिस्त्री तेव्हा म्हणाले होते. "जागा ड्रॉइंगमध्ये दिलेली आहे," साहेब म्हणाले होते, आणि हे उत्तर त्यांना इतकं आवडलं होतं की पुढे चारचौघांत त्यांनी ते बऱ्याचदा सांगितलं. त्या मेमोपायी मिस्त्रींचं फोरमनपद हुकलं, ते मात्र कधी सांगितलं नाही.

"हा असाच राहू दे," मिस्त्री म्हणाले. "तासभर हाताने फिरवा. बुश नीट बसले, की मग आवळा."

"शाफ्टला जागा सापडायचीय," साहेब म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच जेमतेम ऐकू आला.

मिस्त्री चिंधीला हात पुसत होते. बोटं स्वच्छ झाली तरी पुसत राहिले.

"मिस्त्री, तेव्हा मी... तुम्हाला..." निम्मी हयात पत्रं लिहिण्यात गेलेली, पण वाक्य काही पुरं होईना.

"बोलायचा कशाला त्रास घेता," मिस्त्री म्हणाले. "तुमचा लिहिण्यात हातखंडा. लिहूनच द्या ना."

"काय?"

"चौथा बोल्ट मुद्दाम ढिला ठेवलाय म्हणून. कोणी पाहिलं तर उगीच गैरसमज नको."

साहेबांनी ड्रॉइंगचा कोपरा फाडला. 'चौथा बोल्ट मिस्त्रींनी मुद्दाम ढिला ठेवला आहे. तीच पद्धत बरोबर आहे.' खाली सही केली. सवयीने तारीख घालायला गेले, तसं मिस्त्रींनी कागदावर बोट ठेवलं.

"तारीख राहू द्या."

चिठ्ठी बोल्टला बांधायची असेल म्हणून साहेब सुतळी शोधू लागले. मिस्त्रींनी कागद दोनदा वाचला, घडी घातली, खिशात ठेवला आणि निघून गेले.

साहेब सुतळी हातात घेऊन तसेच उभे होते. थोड्या वेळाने बायको डोकावली.

"झालं का? जेवायला चला."

"एक बोल्ट राहिलाय," साहेब म्हणाले, आणि काम तसंच सोडून जेवायला गेले.