पांढऱ्या जर्सीवरची हळद

डोंबिवलीत आमच्या शेजारी राहणाऱ्या हेमावहिनींनी त्या सोमवारपर्यंत फुटबॉलचा एकही सामना पाहिलेला नव्हता. त्या सोमवारी मात्र मेक्सिकोतल्या एका क्लबसाठी त्यांनी देव पाण्यात ठेवले. नुसते म्हणायला नव्हे, खरोखरच. तांब्याच्या पातेल्यात, गणपतीची सोंड तेवढी पाण्यावर राहील अशा बेताने.

कारण तसेच होते. त्यांचा सलिल मेक्सिकोत नोकरीला, आणि तिथल्याच हिमेना नावाच्या मुलीच्या प्रेमात. मुलगी गुणी. अडले होते ते तिच्या वडिलांपाशी. त्यांचे नाव रामीरो. आमचे सुधीरभाऊ त्यांना रामीरोराव म्हणत, कारण व्याह्याला नुसत्या नावाने हाक मारायची म्हणजे काहीतरीच. या रामीरोरावांनी तरुणपणी नवस बोलला होता की, आपला पांढऱ्या जर्सीवाला क्लब कप जिंकेल तेव्हाच विमानात पाय ठेवीन. बोलताना दोनेक वर्षांत काम होईल असा अंदाज असावा. क्लबने त्यानंतर एकदाही कप जिंकला नाही आणि रामीरोरावांनी नवस मोडला नाही.

आता क्लब फायनलला पोहोचला होता. जिंकला तर डिसेंबरात डोंबिवलीत लग्न आणि वडिलांच्या हातून कन्यादान. हरला तर तिकडच्या कचेरीत दोन सह्या, आणि वहिनींनी इथून मोबाइलवर अक्षता टाकायच्या.

"मी मोबाइलवर अक्षता टाकणार नाही," वहिनींनी बजावले.

"हळू टाकल्या तर काही होत नाही मोबाइलला," सुधीरभाऊ म्हणाले. वीजमंडळातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेला माणूस. प्रत्येक दुःखाची तांत्रिक बाजू आधी बघतो.

रामीरोरावांनी व्याह्यांसाठी कुरिअरने एक जर्सी पाठवली. शुभ्र पांढरी. अट अशी की, सामनाभर सुधीरभाऊंनी ती घालून व्हिडिओ कॉलवर समोर बसायचे. नवे वस्त्र घरात आले की हेमावहिनी त्याला हळदीचे बोट लावतात. इथे प्रश्न मुलाच्या लग्नाचा होता, म्हणून त्यांनी पाचही बोटे लावली. नेमकी छातीवर.

रविवारी संध्याकाळी सुधीरभाऊंना ते पिवळे डाग दिसले. त्यांनी कुणाला न सांगता कपड्याचा साबण घेतला आणि घासला. हळदीवर साबण पडला की काय होते हे घरातल्या कोणत्याही बाईने त्यांना सांगितले असते. डाग लाल झाला. ते घाबरून आणखी घासू लागले. तो आणखी लाल झाला.

फायनलमधला दुसरा संघ लाल जर्सीचा होता.

त्यामुळे सोमवारी सकाळी साडेसहाला, ऐन मे महिन्यात, सुधीरभाऊ जर्सीवर शाल पांघरून सोफ्यावर बसले होते. मी शेजारधर्म म्हणून आणि पोह्यांच्या वासाने गेलो होतो. टीव्हीवर सामना, टीपॉयवर फोन, फोनमध्ये मेक्सिको. तिकडे रविवारची संध्याकाळ होती. रामीरोराव, त्यांच्या शेजारी विणकाम घेतलेल्या पत्नी लुपिताबाई, मागे सलिल आणि हिमेना.

"बाबा, ते विचारतायत, तब्येत बरी आहे ना?" सलिलने भाषांतर केले.

"उत्तम. फक्त थोडी हुडहुडी," सुधीरभाऊ घाम पुसत म्हणाले.

वहिनींनी त्यांच्या हातात लिंबूसरबताचा मोठा पेला दिला. अर्ध्या तासात लाल संघाने गोल केला. रामीरोरावांनी कपाळावर हात मारला. लुपिताबाईंनी विणकाम तोंडावर ओढून घेतले. मला वाटले, माउली रडते आहे.

दुसरा अर्धा खेळही सरत आला, तरी पांढऱ्यांचा चेंडू काही जाळ्यात जाईना. "अहो, हे लोक नुसते इकडून तिकडे का देतायत? मारत का नाहीत?" वहिनी विचारत होत्या. त्या संघाच्या प्रशिक्षकालाही हाच प्रश्न पडला असावा.

तेवढ्यात परशुरामभाऊ आले. आमची सोसायटी ज्यांच्या भातशेतावर उभी आहे ते हे. दार उघडे असले की विचारत नाहीत. जमीन मूळची त्यांचीच.

"काय सुदीरभाव, ताप भरलाय काय? मे महिन्यान शाल!" असे म्हणून त्यांनी मायेने शाल ओढून काढली.

मेक्सिको पुढे झुकला. पांढऱ्या जर्सीच्या मधोमध, क्लबच्या चिन्हावर, लालभडक धब्बा. रामीरोराव उभे राहून बराच वेळ काहीतरी बोलले.

"काय म्हणाले?" वहिनींनी विचारले.

"आई, सगळं सांगण्यासारखं नाहीये," सलिल म्हणाला.

"अहो, हळद होती ती! मी लावलेली! तुम्ही साबण लावलात?"

सुधीरभाऊ घाईघाईने डाग झाकायला गेले आणि हातातला, वहिनींनी नुकताच पुन्हा भरलेला सरबताचा आख्खा पेला छातीवर सांडला. आणि काय सांगावे! लिंबू लागले तसा तो लाल डाग फिका होत, कडांपासून आत, पुन्हा पिवळा झाला. रामीरोराव बोलता बोलता थांबले. त्यांनी फोन नाकाजवळ घेतला. त्यांच्या डोळ्यांदेखत लाल रंग पळत होता.

आणि फोनमधून एकदम आरडाओरडा झाला. आमचा टीव्ही थोडा मागे चालत असल्याने गोल आम्हाला आधी ऐकू आला आणि मग दिसला. बरोबरी!

"लिमोन!" रामीरोराव ओरडले. याचे भाषांतर सलिलला करावे लागले नाही. ते सरबताच्या पेल्याकडे बोट दाखवत होते.

"वहिनी, हाय तेवरी लिंबा आना!" परशुरामभाऊ म्हणाले.

जादा वेळ संपून पेनल्टी सुरू झाल्या. इकडे वहिनी एकेका पेनल्टीला अर्धे लिंबू नवऱ्याच्या छातीवर चोळत होत्या, आणि सुधीरभाऊ सत्यनारायणाला बसल्यासारखे निमूट बसले होते. शेवटची पेनल्टी लाल संघाची. पांढऱ्यांच्या गोलरक्षकाने झेप घेतली, चेंडू त्याच्या गुडघ्याला लागून बाहेर गेला. पांढऱ्यांनी कप जिंकला.

रामीरोराव रडले. मग सलिलकडून त्यांनी विचारून घेतले की विमानात खिडकीशी बसणे सक्तीचे असते काय. वहिनींनी देव पाण्यातून काढून पुसले. "हलद माझे दारान," परशुरामभाऊंनी जाहीर करून टाकले, "न डीजेपन माझाच." सुधीरभाऊंना आता खरेच हुडहुडी भरली होती, म्हणून त्यांनी शाल परत मागितली.

कॉल बंद झाला. पाच मिनिटांत सलिलचा पुन्हा फोन. आवाज दबलेला.

"आई, हिमेनाच्या आईला हळू आवाजात काहीतरी विचारायचंय. त्यांचं माहेर लाल क्लबवाल्यांचं आहे गं. त्या स्वतःही मनातून लालच, पण तीस वर्षं घरात हे बोलल्या नाहीत."

"अरे देवा! मग येतील ना त्या लग्नाला?"

"येणार तर! त्या एवढंच विचारतायत, बाबांनी साबण कोणता लावलेला?"