साळूबाईनं निवडलेलं यंत्र

सप्ताहाच्या काल्याला देवळामागच्या लिंबाखाली बायका भाजी चिरायला बसत, तेव्हा पहिली जागा साळूबाईची असे. ही जागा तिला कुणी दिली नव्हती आणि तिनं मागितलीही नव्हती. बायका आपापल्या घरून विळ्या घेऊन यायच्या, गोणपाटावर ओळीनं बसायच्या, आणि साळूबाईनं पहिलं वांगं चिरलं की मग बाकीच्या विळ्या चालायला लागायच्या. फोडी किती जाड करायच्या, कांदा उभा चिरायचा की बारीक, हे ती मान वर न करता सांगायची आणि सगळ्या मुकाट ऐकायच्या. घरी तिचं कुणी ऐकत नव्हतं. नवरा पुंजाराम तिनं हाक मारली की आधी चपला शोधायचा आणि मग बाहेर निघून जायचा. वर्षातून हा एकच दिवस असा यायचा की तिच्या शब्दावर गावातल्या बायकांचे हात हलायचे, आणि त्या एका दिवसाच्या जोरावर ती बाकीचं वर्ष काढायची.

मग आप्पासाहेबांच्या घरात विजयमाला सून म्हणून आली. आप्पासाहेब म्हणजे सप्ताहाचे पुढारी, नेवाशाच्या बाजाराला गेले तरी चार माणसं मागं चालणार असा माणूस. सून देवळाली प्रवरेकडची, पाटपाण्याच्या मुलखातली. ती फार गोरी नव्हती, उंच नव्हती, दात जरा पुढं होते. साळूबाईनं हे सगळं हळदीच्या दिवशीच बघून घेतलं होतं आणि तिला बरं वाटलं होतं.

पण हात बघायचा राहिला होता. तो काल्याला दिसला. विजयमाला ओळीच्या अगदी शेवटी बसली आणि तिच्या पुढ्यातला वांग्यांचा ढीग सगळ्यांच्या आधी संपला. ती उठली, साळूबाईपाशी आली आणि तुमच्यातली थोडी वांगी मला देता का, म्हणून विचारलं. सरळ विचारलं, त्यात खोच नव्हती. पण साळूबाईला ते झोंबलं ते झोंबलंच. त्यात शेजारची राहीबाई म्हणाली, पोरीचा हात चालतो हं. राहीबाई साळूबाईची लहानपणापासूनची मैत्रीण. तिचा तो ‘हं’ साळूबाईला वर्षभर टोचत राहिला.

त्याच दिवशी तिला सूड उगवायची संधीही मिळाली. विजयमालानं एक डांगर ओढून विळीवर घेतलं. लाल भोपळ्याला आमच्याकडं डांगर म्हणतात, आणि आख्खं डांगर बाईनं फोडायचं नाही, ते घरातल्या थोरल्या मुलासारखं, अशी समजूत. पहिला घाव पुरुषानं घालायचा, मग बायकांनी खुशाल चिरायचं. आता खरं सांगायचं तर घरात पुरुष नसला की बायका हे फारसं मनावर घेत नाहीत. खुद्द साळूबाई पुंजाराम बाहेर गेला की उंबऱ्यावर आपटून डांगर फोडायची. पण त्या दिवशी तिनं असा काही आवाज चढवला की स्वयंपाकाचे आचारीसुद्धा चुली सोडून बघायला आले. तिनं आप्पासाहेबांच्या गड्याला, भीमाला बोलावून डांगर फोडून घेतलं, विजयमालाला विळी धुवायला लावली आणि ह्या गावात आख्ख्या डांगराला बाईचा हात लागत नाही, हे तीन-तीनदा ऐकवलं. विजयमालानं विळी धुतली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा साळूबाईला जरा गार वाटलं.

पुढच्या वर्षी, एकाहत्तर सालच्या सप्ताहाला, गोष्ट बदलली. सडक झाली होती, एस्टी येऊ लागली होती, आणि काल्याला आजूबाजूच्या गावची माणसं लोटत होती. मागच्या खेपेला भाजीसाठी पंगती ताटकळल्या होत्या. म्हणून आप्पासाहेबांनी नगरच्या एका दुकानातून भाजी चिरायची हातानं फिरवायची दोन यंत्रं बघायला आणली. एक ठेवायचं, दुसरं परत पाठवायचं. आणि कुठलं ठेवायचं ते साळूबाईनं सांगायचं, असं त्यांनी चार माणसांत बोलून टाकलं.

यंत्र येणार हे ऐकून साळूबाईला धसका बसला होता, पण निवड आपली म्हटल्यावर तिची मान ताठ झाली. ठेवणीतलं लुगडं नेसून ती आप्पासाहेबांच्या अंगणात गेली. बायका आधीच जमल्या होत्या. ह्यापुढं यंत्रापाशी जी उभी राहील, तीच काल्याची मुख्य, हे काही तिला कुणी समजावून सांगायला नको होतं.

धाकटं यंत्र पाटाला आवळून बसवायचं होतं. एका बाजूला पात्यांची गोल चकती, वर भाजी सारायला तोंड. त्याला दोघी लागायच्या, एकीनं दांडा फिरवायचा आणि एकीनं तोंडाशी बसून भाजी सारायची. विजयमालाच्या माहेरी असलं यंत्र होतं, म्हणून सासूनं तिलाच दाखवायला बसवलं. राहीबाईनं दांडा फिरवला. विजयमालाची बोटं बटाटा उचलायची, वळवायची, आत सारायची आणि पुढचा बटाटा हातात असायचा. खालच्या परातीत एकसारख्या पातळ चकत्या पडत होत्या. बायका वाकून वाकून बघत होत्या. साळूबाई मात्र चकत्यांकडं बघतच नव्हती. लिंबाखाली विजयमाला तोंडाशी बसली आहे आणि आपण शेजारी उभं राहून मोटेच्या बैलासारखा दांडा ओढतोय, तिच्या मर्जीनं थांबतोय, तिच्या मर्जीनं चालतोय, एवढंच तिला दिसत होतं.

थोरलं यंत्र म्हणजे कडबाकुट्टीच्या यंत्राचंच धाकटं भावंड. लोखंडाचं जडशीळ चाक, वर आख्खा कोबी बसेल एवढं तोंड, आणि भाजी दाबायला लाकडी ठोकळा. ह्याला एकच माणूस पुरायचं. विजयमालानं फिरवून बघितलं तर चाक अर्ध्यावर जाऊन परत आलं. तिचे दंड ते किती. बायका हसल्या आणि ती पण हसली. मग साळूबाईनं पदर खोचला. दोन्ही हातांनी चाक ओढलं, खांद्यात काहीतरी कटकन् वाजलं, पण चाक फिरलं आणि कोबीचा कीस परातीत पडला. दुखतंय हे तिनं तोंडावर दिसू दिलं नाही.

आप्पासाहेबांनी विचारलं, मग, कुठलं? सासऱ्यापुढं सुनेनं बोलायचं नसतं, म्हणून विजयमालानं डोक्यावरचा पदर सारखा करत नुसता धाकट्या यंत्राला हात लावला आणि साळूबाईकडं बघितलं. काही सांगायचं असावं असं बघितलं. साळूबाईचं तिथंच ठरलं. सुनेला धाकटं हवंय ना, मग थोरलंच.

कारणं काय, ती हवी तेवढी सापडतात. हे दणकट आहे, ह्याला एकच माणूस लागतं, ह्याला धार लावायला सोपं, असं ती सांगत गेली. आणि बोलण्याच्या भरात म्हणाली, “ह्यात आख्खं डांगर बसतंय, आप्पा. चिराया न्हाई की फोडाया न्हाई. हेच ठिवा.”

आप्पासाहेबांनी मान हलवली. धाकटं यंत्र गोणपाटात गुंडाळून परत गेलं. ते टेम्पोत चढवताना विजयमाला दारात उभी राहून बघत होती, आणि तिला बघताना साळूबाईला सणासुदीचं गोड खाल्ल्यासारखं वाटत होतं.

काल्याच्या दिवशी पहाटेच यंत्र लिंबाखाली आणून ठोकलं. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. ह्या वेळी बायकांनी विळ्या आणल्याच नव्हत्या, नुसत्या हात हलवत आल्या होत्या. साळूबाई यंत्रापाशी उभी राहिली. आप्पासाहेबांच्या मळ्यातली कवळी डांगरं आली होती, बियांसकट शिजतील अशी. तिनं त्यातलं एक उचललं, तोंडात बसवलं, वर ठोकळा ठेवला आणि चाकाला हात घातला.

“साळू, थांब,” राहीबाई म्हणाली. “आख्खं हाय ते.”

साळूबाईला आधी कळलंच नाही. राहीबाई काही वाईट बुद्धीनं बोलत नव्हती. ती भाबडेपणानं म्हणाली, “आगं, मागल्या साली तूच म्हनलीस ना, बाईनं पयला घाव घालू न्हाई? आन् आज तूच?”

आपण कुठं फोडतोय, यंत्र फोडतंय, असं साळूबाई म्हणून गेली, पण ते तिचं तिलाच पटलं नाही. मागल्या साली ऐकणारी सगळी तोंडं आता तिच्याकडं बघत होती. एक आचारी म्हणाला, देवाच्या कार्यात कशाला संशय ठेवायचा. आप्पासाहेबांनाही ते पटलं. त्यांनी साळूबाईला मान देऊनच सांगितलं की गावाची रीत तुम्हीच सांभाळलीत, ती आज मोडायला नको, आणि भीमाला हाक मारली.

भीमानं एका हातानं चाक फिरवलं. डांगर कचाकचा खाली पडलं. साळूबाई दोन पावलं मागं सरून उभी राहिली. डांगरं संपली की चाक आपल्याकडं येईल असं तिला वाटत होतं. डांगरं संपली. भीमानं सदरा काढून लिंबाला अडकवला आणि कोबी घातला. कोबीनंतर बटाटे, बटाट्यांनंतर कांदे. तोवर पारावरचे चार गडी जमले होते आणि मला दे, मला दे म्हणून चाकाला झोंबत होते. फोडी जाड झाल्या की पातळ, हे आता ते एकमेकांना विचारत होते. साळूबाईनं एकदा म्हटलं, वांग्याला एवढा जोर लावू नका. कुणीतरी तिच्याकडं न बघताच म्हणालं, “मावशी, जरा बाजूला व्हा, हात जाईल.”

दिवस वर येईपर्यंत सगळी भाजी चिरून झाली. गोणपाटावर एकही बाई नव्हती. काही घरी परत गेल्या, काही पाणी भरायला लागल्या, उरलेल्यांना आचाऱ्यानं तांदूळ निवडायला बसवलं. आप्पासाहेब येता-जाता सांगत होते की यंत्र साळूबाईनं निवडलं, निवड कशी फक्कड झाली बघा. प्रत्येक वेळी साळूबाईला कुणी चिमटा काढल्यासारखं होत होतं.

तीही शेवटी तांदळाच्या एका सुपापुढं बसली. थोड्या वेळानं विजयमाला दुसरं सूप घेऊन शेजारी आली. साळूबाई वाट बघत होती, आता ही टोमणा मारणार. तिनं उत्तरही तयार ठेवलं होतं.

“मावशी,” विजयमाला हळूच म्हणाली, “त्या बारक्या यंत्राच्या तोंडाशी जी बसती ना, समदं तिच्यावर आसतं. माह्येरी आई बसायची आन् मी दांडा फिरवायचे. हितं तुमी बसाल, मी फिरवीन, आसं माज्या मनात हुतं. पर मामंजींफुडं बोलता आलं न्हाई.”

साळूबाईनं झटकन् तिच्या तोंडाकडं बघितलं. कुठंतरी हसू दडलेलं असेल, निदान ओठाच्या कोपऱ्यात तरी असेल म्हणून तिनं नीट निरखून बघितलं. नव्हतं. पोरगी खरंच सांगत होती, आणि तिला खरंच वाईट वाटलं होतं. तयार ठेवलेल्या उत्तराचा काही उपयोग नव्हता.

साळूबाईनं मान खाली घातली आणि सुपातला खडा शोधत बसली. वर्षभर ती ह्या पोरीवर जळत आली होती, पण आज तिचा जेवढा राग आला तेवढा कधीच आला नव्हता.