वाटेच्या तोंडावरची गाडी

दाताच्या डॉक्टरांना लोक पाठीमागे 'सायकल डॉक्टर' म्हणत. डॉक्टरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

मालगाड्यांचे जुने रूळ उखडून नेल्यावर तो सगळा पट्टा काटेरी झुडपांत आणि कचऱ्यात पडून होता. त्याची चालायची आणि सायकलची वाट करावी, ही कल्पना डॉक्टरांची. त्यांनी समिती काढली, नगरपालिकेत खेटे घातले, सुटीच्या दिवशी स्वतः कुदळ हातात घेतली. खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या पेशंटला उत्तर देता येत नाही, याचा फायदा घेऊन ते दाढ कोरता कोरता त्याला चालण्याचं महत्त्व पटवून देत. "तुमची दाढ मी वाचवीन, हृदय तुम्हालाच वाचवायचंय!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अखेर वाट झाली. म्हातारी माणसं चालायला लागली, शाळेची पोरं सायकली हाणायला लागली आणि डॉक्टर समितीचे अध्यक्ष झाले.

त्यानंतर त्यांचा उजवा गुडघा गेला.

हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, चढउतारावर सायकल बंद. आणि डॉक्टरांचं घर गावाबाहेर टेकडीवर. इतकंच होतं, कुणालाही सांगता आलं असतं. पण ज्या माणसानं गावाला गाडीवरून उतरवलं, त्यानंच गाडीत बसायचं? त्यापेक्षा त्यांनी एक युक्ती काढली. मुलगी शिकायला परदेशी गेली होती, तिची छोटी गाडी घरामागे झाकून ठेवलेली होती. ती त्यांनी बाहेर काढली. रोज सकाळी घडीची सायकल डिकीत टाकायची, टेकडी उतरून बटाट्याच्या शीतगृहामागे गाडी उभी करायची, सायकल उलगडायची आणि डोक्यावर हेल्मेट चढवून रुळांच्या वाटेवरून घंटी वाजवत दवाखान्यात पोचायचं. तेवढा सपाट तुकडा गुडघा सोसत होता.

बायको हे सगळं बघत होती. एकदा ती म्हणाली, "अहो, दुखतोय तुमचा गुडघा. मग सांगताना जीभ का दुखते?"

"सांगेन सावकाश," डॉक्टर म्हणाले आणि हेल्मेटचा पट्टा लावत बाहेर पडले.

त्या सकाळी शीतगृहामागे बटाट्याचे ट्रक लागले होते, पाय ठेवायला जागा नव्हती. दवाखान्यात एक पेशंट गाल धरून बसला असल्याचा फोन येऊन गेला होता. डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि गाडी सरळ वाटेच्या तोंडावर घातली. तिथे गाड्या अडवणारे खांब बसवायचे अजून राहिले होते. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला गटार, मधे गाडी. एवढा एक पेशंट आटोपला की येऊन हलवू, असं स्वतःला बजावत ते सायकलवर बसले. पण एका पेशंटमागून दुसरा आला, दुसऱ्यामागून तिसरा, आणि गाडी त्यांच्या डोक्यातून साफ उतरली.

डॉक्टरांची थोरली बहीण, त्यांची ताई, शीतगृहाच्याच बाजूला एकटी राहत असे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, साखरेचा आजार, नजर अधू. रस्त्यावरच्या वाहनांची तिला धास्ती, म्हणून ती घराबाहेरच पडेनाशी झाली होती. डॉक्टर तिच्या इतके मागे लागले, स्वतः हात धरून चार दिवस वाटेवरून घेऊन गेले, तेव्हा कुठे ती चालायला लागली. आता ती रोज एकटी वाचनालयापर्यंत जाई, वर्तमानपत्रं वाचून परत येई आणि भावाचं नाव घेऊन सगळ्यांना सांगे, "यानं मला घरातून बाहेर काढलं."

त्या दिवशी ती वाटेच्या तोंडाशी आली, तर पुढे गाडी. आत शिरायला वाव नाही. ती रस्त्यावरून वळसा घालायला गेली, मागून मोटारसायकलचा कर्कश भोंगा वाजला. दचकून ती बाजूला झाली आणि गटाराच्या काठाशी हातावर पडली.

निरोप आला तसे डॉक्टर हातमोजे घातलेलेच निघाले. सायकलवरून ते तिथे पोचले तेव्हा दहापंधरा माणसं जमली होती. ताई एका दुकानाच्या पायरीवर मनगट छातीशी धरून बसली होती. समितीच्या सचिव, बेकरीवाल्या काकू, तिला पाणी पाजत होत्या.

"बघा डॉक्टर, बघा!" काकू म्हणाल्या. "कुणीतरी बेशरमानं वाटेतच गाडी लावलीय!"

डॉक्टरांनी गाडीकडे पाहिलं. आणि तोंडातून शब्द निघून गेले: "कुणाची गाडी आहे ही? माणसं आहेत की कोण!"

आपण तसं का म्हणालो, हे पुढे त्यांना कधीच नीट सांगता आलं नाही. जमाव बघत होता, आणि जमावाला अध्यक्षांकडून जे ऐकायचं होतं, तेच ते बोलले. ताईनं मान वर करून भावाकडे पाहिलं. डॉक्टरांनी नजर वळवली.

"माझाच तोल गेला," ताई म्हणाली.

"असं कसं? गाडी नसती तर तुम्ही रस्त्यावर उतरला असतात का?" म्हणत काकूंनी मोबाइल काढला आणि गाडीचे पुढून-मागून फोटो घेतले.

मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घालेपर्यंत डॉक्टर हॉस्पिटलात हजर राहिले, औषधं आणली, ताईला घरी सोडलं, उशी हाताखाली ठेवली. ते निघाले तेव्हा ताई डोळे मिटूनच म्हणाली, "जा आता. गाडी उन्हात तापली असेल."

डॉक्टरांची कानशिलं तापली. ते तसेच दारात उभे राहिले. काहीतरी बोलायला हवं होतं, पण ताईनं भिंतीकडे तोंड केलं होतं. अंधार पडल्यावर त्यांनी गाडी गुपचूप घरी नेली आणि तिच्यावर पुन्हा खोळ घातली.

समितीची बैठक तापलेलीच भरली. वाटेवरच्या फलकावर गाडीचा फोटो लावायचं ठरलं. खालचा मजकूर डॉक्टरांनी लिहावा, त्यांची भाषा कशी जळजळीत असते, असा सगळ्यांचा आग्रह. नाही म्हणायला कारण सापडेना. डॉक्टरांनी लिहिलं, आणि वाचूनही दाखवलं: "एका वयस्कर बाईचा हात मोडून नामानिराळ्या राहिलेल्या गाडीमालकास थोडी जरी लाज असेल, तर त्यानं समोर यावं." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी बायकोनं ते वाक्य ऐकलं. "छान जमलंय," ती म्हणाली. "आरशासमोर उभं राहून लिहिलंत का?"

डॉक्टर न जेवता झोपले. सकाळी उठून काकूंना सांगायचं असं त्यांनी ठरवलं. सकाळी वाटलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी काकू बेकरीत गर्दीत होत्या.

शेवटी काकूच दवाखान्यात आल्या, दाढ ठणकत होती म्हणून. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन अर्धा जबडा बधिर केला, कापसाचे बोळे कोंबले आणि आता यांना बोलता येत नाहीये तोवरच सांगून टाकावं, असा विचार त्यांच्या मनात आला. त्यांनी घसा खाकरला. तेवढ्यात दारावर टकटक झाली. वाहतूक पोलीस टोपी काखेत धरून उभा होता.

"डॉक्टर, जरा अडचणीचं आहे," तो हळू म्हणाला, पण खोली ती केवढी. "समितीनं त्या गाडीचा नंबर दिला होता ना, ती तुमच्या मुलीच्या नावावर निघाली. मुलगी तर इथे नाही म्हणतात. चोरीबिरीला गेली होती का गाडी?"

त्यानं भाबडेपणानं एक पळवाट पुढे केली होती. डॉक्टरांना ती क्षणभर दिसलीही.

"नाही," ते म्हणाले. "मीच लावली होती."

पोलिसानं टोपी या काखेतून त्या काखेत घेतली. "बरं... मग सवडीनं चौकीवर येऊन जा," असं पुटपुटून तो निघून गेला.

खुर्चीत काकू ताठ झाल्या होत्या. तोंड उघडं, डोळे त्याहून मोठे उघडे. "थुमी?" त्या कापसातून म्हणाल्या. "थुमी, धॉक्तल?"

एखाद्या वेगळ्या प्रसंगी ते ऐकून कुणीही हसलं असतं. डॉक्टरांनी फक्त मान डोलावली. दाढ अर्धी कोरलेली होती, ती तशी सोडता येत नव्हती. त्यांनी पुन्हा यंत्र हातात घेतलं. त्यानंतरचा सगळा वेळ काकू छताकडे बघत राहिल्या आणि डॉक्टर दाढेकडे. एरवी अखंड चालणारं त्यांचं तोंड आज बंद होतं. काम संपल्यावर काकूंनी चूळ भरली, पदरानं तोंड टिपलं आणि मागे न बघता निघून गेल्या.

डॉक्टरांना वाटलं, आता गाव तोंडावर थुंकेल. तसं काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी फलकावरचा फोटो नाहीसा झालेला होता, काकूंनीच काढला असणार. कुणी चकार शब्द काढला नाही. शेवटी डॉक्टरांनीच बैठक बोलावली आणि उभं राहून गुडघ्यापासून ताईपर्यंत सगळं सांगितलं. वाक्य धड जुळत नव्हतं. सायकल डिकीतून काढायची म्हटल्यावर मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि खोकल्यासारखं केलं. त्या हसण्यानं डॉक्टर मेल्याहून मेले झाले. त्यांनी अध्यक्षपद सोडलं. "राहू द्या हो," असं एकानंही म्हटलं नाही.

फक्त काकूंनी विचारलं, "गुडघा दुखतो हे आम्हाला सांगितलं असतंत, तर आम्ही काय तुम्हाला खाल्लं असतं?"

तिथून ते ताईकडे गेले. ती खिडकीशी बसली होती. पडल्यापासून तिनं उंबरा ओलांडला नव्हता.

"ताई, तू गाडी ओळखली होतीस."

"आरशाला टांगलेला लोकरीचा ससा मीच विणलाय. तेवढं दिसतं मला अजून."

"मग तिथेच बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले." ताईनं प्लास्टरवरची धूळ झटकली. "हॉस्पिटलात थांबले, घरी येईपर्यंत थांबले. मग कंटाळा आला."

डॉक्टर तिच्या पायाशी, जमिनीवरच बसायला गेले. गुडघा कटकन वाजला, ते कळवळले.

"खुर्चीवर बस," ताई म्हणाली. "नाटकं नकोत."

ते खुर्चीवर बसले. माफ कर म्हणाले.

"हात बरा होईल रे," ताई म्हणाली. "पण मी पडलेली असताना तू मला लागलंय का ते आधी विचारलं नाहीस. 'कुणाची गाडी' म्हणून विचारलंस. ते मला विसरायला वेळ लागेल. घाई करू नकोस."

डॉक्टरांनी घाई केली नाही. ते आता गाडी उघडपणे चालवतात, बाजाराच्या वाहनतळावर लावतात आणि तिथून हातात काठी घेऊन वाटेनं दवाखान्यात जातात. समोरून येणारा जुन्या सवयीनं "नमस्कार, अध्यक्ष" म्हणतो आणि मग जीभ चावतो. डॉक्टर मान खाली घालून नमस्कार करतात. पेशंटला दाढ कोरताना ते चालण्याबद्दल आता एक अक्षर बोलत नाहीत.

प्लास्टर निघाल्यावर पहिल्या दिवशी ताईला वाटेवर घेऊन जायला ते गेले, तर तिच्या घराला कुलूप. ती काकूंबरोबर आधीच निघून गेली होती. वाटेवर दूर त्या दोघी दिसल्या. डॉक्टरांनी हाक मारली नाही. काठी टेकत ते त्यांच्या मागून चालत राहिले, आणि अंतर वाढत गेलं तरी थांबले नाहीत.