मी फुकट बिल्ला देत नाही

मी एक गेमचा डबा बोलतोय, टीव्हीला जोडून खेळतात तो. बोलायची मला हौस नाही, आधीच सांगून ठेवतो. टीव्हीखालच्या कप्प्यात पडलोय, अंगावर जुना टॉवेल, डोक्यावर औषधांची टोपली. अशात तुम्ही म्हणता, तुझी कहाणी सांग. माझ्या कहाणीला काय सोनं लागलंय? पण समोर खुर्चीत एक माणूस बसलाय. त्याच्या उजव्या हाताची मूठ दिवसेंदिवस मिटत चाललीय. ती का मिटतेय हे मला ठाऊक आहे आणि अजून एकाला. तो बोलत नाही. म्हणून झक मारत मलाच तोंड उघडावं लागतंय.

शाळा-बिळा मला नाही. कारखान्यात पट्ट्यावरून सरकताना जे डोक्यात भरलं तेवढंच. आधी एका कॉलेजातल्या पोराकडे होतो. पोरगं बिल्ल्यांमागे वेडं. गेममध्ये काही अवघड करून दाखवलं की पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन उजळतो आणि टिंग वाजतं. त्याला ती मंडळी अचीव्हमेंट म्हणतात, मी बिल्ला म्हणतो. त्यानं पोट भरत नाही, अंग झाकत नाही. तरी एका बिल्ल्यासाठी त्या पोरानं जेवण सोडलेलं मी बघितलंय. मला हसू यायचं. पुढे नवीन डबा आला आणि मला जुन्या मोबाईलच्या दुकानात विकून तो मोकळा झाला. मागे वळूनही बघितलं नाही मेल्यानं.

दुकानातून मला उचललं पेंटरच्या मुलीनं. पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा. पट्टी न लावता सरळ रेघ ओढायचा, असा हात. त्याला अर्धांगाचा झटका आला आणि तो उजवा हातच गेला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई त्याला दाबायला रबरी चेंडू द्यायच्या. तो भिरकावून द्यायचा. "मी काय कुत्रं आहे चेंडू खेळायला?" शेवटी बाई मुलीला म्हणाल्या, "अंगठा हलला पाहिजे. कशानंही हलू दे." म्हणून मी या घरात आलो.

पेंटरिणीनं मला बघून कपाळावर हात मारला. "अहो, या वयात गेम? लोक काय म्हणतील?"

"लोक बघायला तरी येतायत का मला? मग त्यांना कशाला विचारायचं?"

मुलीनं एक छोटासा गेम डाउनलोड करून दिला. दुकानात त्याची चकती मिळत नाही, नेटवरून थेट माझ्या पोटात उतरला. एक गोगलगाय, तिच्या पाठीवर पाण्याची वाटी, आणि दोरीवरून पलीकडे जायचं. अंगठा जरा थरथरला की पाणी सांडलं.

पहिल्या दिवशी गोगलगाय वीतभर गेली नाही. पेंटरनं तिला, मला आणि गेम बनवणाऱ्याच्या सगळ्या खानदानाला शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी परत बसला. अंगठा लाकडाचा झालेला. तो डाव्या हातानं धरून रिमोटवर ठेवायचा आणि दात आवळून ढकलायचा. घाम रिमोटवर टपकायचा. असे कित्येक दिवस गेले, आणि मग एकदा टिंग वाजलं. पेंटर एवढ्यानं ओरडला की पेंटरीण गॅसवरचं दूध सोडून धावत आली.

"काय झालं? परत आला का झटका?"

"अगं झटका नाही, बिल्ला!"

"जळला तुमचा बिल्ला! माझं दूध गेलं ना उतू!"

आणि हसत हसत डोळे पुसत परत गेली.

मग एकेक बिल्ला मिळत गेला. अंगठा हलला, मग बोटं हलली. सदऱ्याची बटणं पेंटर स्वतः लावू लागला. शेवटी एकच बिल्ला उरला, सगळ्यात नाठाळ. वादळ सुटलेलं, दोरी हलतेय, आणि एकही थेंब न सांडता पलीकडे जायचं.

त्याच सुमारास कोपऱ्यावरचा बेकरीवाला आला. "पेंटर, दुकानाला पाटी पाहिजे. फ्लेक्स नको, उन्हात विटतो. तुमच्या हातचं अक्षर पाहिजे."

पेंटरनं हात उलटासुलटा करून बघितला. "एक शेवटचा बिल्ला राहिलाय. तो घेतला की मी समजेन हात परत आला. त्या दिवशी तुझी पाटी घेतो."

"कसला बिल्ला?"

"तू पाव भाज. थांब म्हटलं की थांबायचं."

बेकरीवाला थांबला.

आता जावईबापूंकडे येतो. माणूस वाईट नाही. ऑफिसात कॉम्प्युटरवर काम, बोलणं मऊ. सासऱ्याची ओढाताण त्यांना बघवत नव्हती. एका रविवारी ते जेवायला आले. मुलगी अजून कामावर होती, पेंटर आणि पेंटरीण ब्लडप्रेशर दाखवायला दवाखान्यात. जावईबापूंनी मला चालू केलं. लहानपणापासून हातात रिमोट असलेला माणूस तो. कपातला चहा निवायच्या आत त्यांची गोगलगाय पलीकडे. टिंग. बिल्ला पेंटरच्या नावावर. मी आतून कळवळून सांगत होतो, अहो नका! हा बिल्ला एका नावावर एकदाच मिळतो, एकदा उजळला की विझवता येत नाही. पण माझा आवाज म्हणजे नुसती पंख्याची घरघर.

त्यांना वाटलं, म्हातारा खूश होईल, ब्रश हातात घेईल.

पेंटर आला, खुर्चीत बसला. शेवटचा चौकोन उजळलेला.

"हा कुणी घेतला?"

तो चेहरा बघून जावईबापूंनी खरं गिळून टाकलं. म्हणाले, "मशीन जुनं आहे ना, बाबा. देतं कधी कधी आपोआप."

पेंटरनं आधीचे चौकोन एकेक करून बघितले. मग हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे आधीचेही?"

"असतील... काही सांगता येत नाही."

पेंटरनं रिमोट खाली ठेवला आणि स्वतःच्या हाताकडे असं बघितलं, जणू तो शेजाऱ्याचा हात आहे.

मी आपोआप देतो? मी? अहो, दया नावाचा भागच माझ्यात बसवलेला नाही! माणूस रडो, हात जोडो, थेंब सांडला म्हणजे सांडला. पेंटरनं एकेक बिल्ला त्या लाकडी अंगठ्यानं माझ्याकडून ओढून घेतलाय.

मुलीनं परोपरीनं समजावलं. "बाबा, मशीन असं देत नाही हो."

"तुझा नवरा म्हणतो देतं. तो कॉम्प्युटरवाला, तू औषधांच्या दुकानातली. कुणाचं ऐकू?"

"बरं, बिल्ला राहू दे. नुसतं खेळा."

"खोट्या तराजूवर परत परत वजन करून काय कळणार?"

नव्या नावानं पहिल्यापासून खेळावं, तर गेम पुन्हा विकत घ्यावा लागतो, आणि कंपनीनं तो विकायचाच बंद केलाय. मुलीनं नवऱ्याला विचारलंही, "खरं सांग, तू खेळला होतास?" तो म्हणाला, "छे, मला कुठे वेळ?" पेंटरिणीला संशय आहे. पण जावयाला बोलणार कोण? त्यांच्या ताटात गरम गरम वाढते आणि राग माझ्यावर काढते.

सदऱ्याची बटणं आता परत तीच लावते. उद्या सकाळी बेकरीवाला शेवटचं विचारायला येणार आहे, आणि पेंटरनं तिला सांगून ठेवलंय, "म्हणावं, फ्लेक्स करून घे." उद्या तो शब्द बाहेर पडला की हा माणूस पुन्हा ब्रशला हात लावणार नाही. मला कळतंय, आणि मी कप्प्यात पडून नुसता ऐकतोय.

जावईबापू, आज संध्याकाळी तुम्ही जेवायला येताय. ताटावर बसायच्या आधी एवढंच म्हणा, "बाबा, मी खेळलो होतो. आधीचे सगळे तुमचेच." सासरा चिडेल, ताट सरकवेल. चिडू दे! चिडलेला पेंटर मी ओळखतो, तो दुसऱ्या दिवशी परत बसतो. हा गप्प बसलेला पेंटर मला ओळखू येत नाही. त्याची मला भीती वाटते.

शिव्या मला आजवर पुष्कळांनी घातल्या, त्याचं मला काही नाही. पण खोटारडा मला एकानंच ठरवलं. त्यानं आधी त्या माणसाला त्याचा हात परत द्यावा, मग माझी माफी मागावी. ती माफी ज्यानं मागायची राहिलीय असा माणूस एकच, या घरचे जावईबापू.