गोजराबाई रोज चार वाजता

गोजराबाई एका मताने हरल्या आणि खांदेश्वरच्या त्यांच्या सोसायटीत गच्चीवर मासळी सुकवायला बंदी आली.

हे मी बोललोच नाही असं समजा. रविवार अजून यायचाय. आज मंगळवार आहे, मी रबाळ्याच्या ऑफिसात बसलोय आणि स्क्रीनवर एक तक्रार आहे: 'रहिवासी दुपारी नाहीसा होतो.'

आमची कंपनी सोसायट्यांच्या गेटचं ॲप बनवते. कोण रहिवासी, कोण पाहुणा, कोण डिलिव्हरीवाला, हे वॉचमनला मोबाइलवर दिसतं. सभेतलं मतदानही त्यावरच होतं. तक्रार अशी, की तिसऱ्या मजल्यावरच्या गोजराबाई रोज दुपारी चारला यादीतून जातात आणि रात्री बाराला यादी नव्याने भरली की परत येतात. मी मंगळवारभर तपासलं, बुधवारभर तपासलं. माझ्या मशीनवर गोजराबाई चोवीस तास ठणठणीत होत्या.

गुरुवारी आमचा मॅनेजर मितेश म्हणाला, "जाऊन डोळ्यांनी बघून ये. बग नाही सापडला तरी ग्राहकाला बरं वाटतं."

मी गेटवर पोचलो. चार वाजून दोन मिनिटांनी गोजराबाई आल्या, हातात करंदीची, म्हणजे बारीक कोळंबीची, पिशवी. वॉचमन प्रीतम उठून उभा राहिला, त्यांना नमस्कार केला आणि अडवलं.

"आजी, मी वळखतो. ॲप वळखत नाय."

"काल माजेच हातचं कालवन खाल्लंस ना रं?"

"खाल्लं. मस्त होतं. कोणाकडे जायचंय?"

"माजे घरी."

प्रीतमने तिसऱ्या मजल्यावर परवानगी मागितली. ती द्यायला घरात कोणी नव्हतं, कारण देणारी गेटवर उभी होती. शेवटी त्याने पिशवीकडे बघून 'डिलिव्हरी' दाबलं. "वीस मिनिटांत खाली यायचं हां आजी, नाहीतर मला फोन येतो."

मी कोण ते सांगितल्यावर गोजराबाईंनी मला नीट न्याहाळलं. "तू बनवलंस हे? बरं. रईवारी सभा हाय. गच्चीवर मासली सुकवायची का नाय, तेचं मत घेनार हायत. आदी खल्यात सुकवली, मंग पत्र्यावर, आता गच्चीवर. आता अजून वर जागाच नाय. मना फक्त यादीत ठेव, बाकी तुजं काय नको."

मी म्हटलं, ठेवतो.  

शुक्रवारी दुपारी इक्राने बग पकडला. ती आमची टेस्टर, उरणची. तिने सगळ्या कोडमध्ये फक्त 'गोजरा' हा शब्द शोधला. मला चार दिवसांत हे सुचलं नव्हतं, कारण मी अवघड काहीतरी शोधत होतो. एक ओळ निघाली, फक्त मुख्य सर्व्हरवर चालणारी. रोज चार वाजता, आमच्या टेस्टिंगनंतर, गोजरा नावाची सगळी माणसं पुसून टाका. वर टीप होती: 'टेस्टचं नाव. खऱ्या माणसाचं असणं शक्य नाही.' बाजूला ओळ लिहिणाऱ्याचं नाव. शिवा. म्हणजे मी, नोकरीचा पहिला आठवडा.

टेस्टिंगला खोटा रहिवासी लागतो. कुठल्याही सोसायटीत सापडणार नाही असं नाव मला हवं होतं. आजकाल हे नाव कोणी मुलीला देत नाही, एवढी मी खात्री केली होती. ज्यांना आधीच दिलंय त्या अजून वापरतायत का, हे बघायचं राहिलं.

"अभिनंदन," इक्रा म्हणाली. "बग सापडला. दोन वर्षं माझ्याच शेजारी बसतोय."

ओळ खोडायला अर्धं मिनिट लागलं. मी मितेशकडे गेलो.

"आज वार काय?"

"शुक्रवार."

"शुक्रवारी आपण नवीन काही चढवत नाही. बिघडलं तर शनिवार-रविवार कोण बघणार?"

"पण बिघडलेलंच आहे."

"ते जुनं बिघडलेलं आहे. त्याची सगळ्यांना सवय आहे. सोमवारी कर."

मी सोसायटीच्या सेक्रेटरींना, सितारामकाकांना फोन लावला. गोजराबाईंचं मत कागदावर घ्या म्हटलं. ते म्हणाले, "आपण डिजिटल झालोय," आणि हे इतक्या समाधानाने म्हणाले की मला वाद घालवेना.

एकच वाट उरली. सभा साडेतीनची होती. पावणेचारपर्यंत मतदान उरकलं तर गोजराबाई यादीत असतील. सभेला किमान वीस माणसं लागतात. मी रविवारी अडीचला खांदेश्वरला पोचलो आणि सातही मजल्यांच्या बेल वाजवल्या. लोकांना वाटलं मी ॲक्वागार्डवाला. तिघांनी फिल्टर दाखवले. एकाचा मी साफ करून दिला, तो खाली येतो म्हणाला म्हणून.

साडेतीनला खाली एकोणीस माणसं होती. गोजराबाई पहिल्या खुर्चीवर. विसावा माणूस म्हणजे फिल्टरवाला, तो अंघोळीला गेला होता.

सितारामकाकांनी घड्याळ बघितलं. "गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब. चार वाजता इथेच भरेल."

चार वाजता सगळी सोसायटी उतरली. सभा तहकूब होणार हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून खरी वेळ चारचीच धरतात. फक्त मला माहीत नव्हतं. गोजराबाईंनी मोबाइलवर बोट दाबलं. फोनने त्यांना विचारलं, आपण पाहुणे आहात का?

बंदीच्या बाजूने चौदा, विरोधात तेरा. बरोबरी झाली असती तर ठराव पडला असता.

सोमवारी सकाळी मी दुरुस्ती चढवायला बसलो. बोट बटणावर असतानाच फोन वाजला.

"पोरा, ते नीट केलंस काय?"

"करतोय आत्ता. सॉरी आजी."

"थांब. ठराव वाचला मी. 'कोनत्याही सदस्याने गच्चीवर मासली सुकवू नये.' मी चार वाजेपासून सदस्य हाय काय?"

मी विचार केला. "नाही."

"पाहुना हाय?"

"तसंही नाही. तुम्ही कोणीच नसता."

"मंग चार ते बारा मना कोन अडवतं? नको नीट करूस."

मी बोट उचललं. कायद्यात मला कुठे चूक सापडेना. अडचण दुसरीच होती. "आजी, चारनंतर ऊन किती असतं?"

पलीकडे खिडकी उघडल्याचा आवाज आला.

"लिवून घे," त्या म्हणाल्या. "अर्ज कर. मी सांगतंय तसं."

प्रति,
मा. सचिव,
गृहनिर्माण संस्था, खांदेश्वर

विषय: गच्चीवरील सूर्यप्रकाशाच्या वेळेत बदल करणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अर्जदार दररोज सायं. ४ ते रात्रौ १२ या वेळेत अस्तित्वात नसल्याने फक्त याच वेळेत मासळी सुकवू शकते. तरी सदर गच्चीवरील सूर्यास्त रविवारसह सर्व दिवशी किमान चार तास पुढे ढकलण्यात यावा, व ढगाळ हवामान असल्यास अर्जदारास तीन दिवस अगोदर लेखी कळविण्यात यावे, ही नम्र विनंती.